फ्रेंच वाइनची ओळख: लेबलावरचे गाव आणि बाटलीतले द्राक्ष

फ्रेंच वाइनच्या फडताळासमोर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाला चवीपेक्षा नावांची अडचण जास्त जाणवते. नाशिकच्या बाटलीवर ‘शेनिन ब्लाँ’ किंवा ‘शिराझ’ असे द्राक्षाच्या वाणाचे नाव ठळक छापलेले असते आणि ते वाण आवडले की पुढच्या वेळी तेच मागता येते. फ्रेंच बाटलीवर मात्र ‘सांसेर’, ‘शाब्ली’, ‘मार्गो’, ‘शिनाँ’ अशी नावे दिसतात. ती सगळी गावांची नावे आहेत आणि बाटलीत कोणते द्राक्ष आहे याचा उल्लेख बहुतेक वेळा कुठेच नसतो. फ्रेंच उत्पादक ही माहिती लपवत नाही. सांसेरची पांढरी वाइन सोव्हिन्यों ब्लाँ याच द्राक्षाची असते हे कायद्यानेच ठरलेले असल्यामुळे ते वेगळे लिहिण्याची गरज त्याला वाटत नाही.

म्हणून फ्रेंच वाइन शिकणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यायची ती गावावरून द्राक्ष ओळखण्याची. शेकडो नावांपैकी दहा-बारा द्राक्षे आणि त्यांची तितकीच गावे नीट लक्षात राहिली, तर दुकानातील बहुतेक बाटल्यांबद्दल आधीच अंदाज बांधता येतो. पुढे दिलेल्या पायऱ्या याच क्रमाने रचल्या आहेत. त्या सावकाश चढाव्यात, एका संध्याकाळी संपवण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी वयाची अट आणि परवाना दोन्ही लागतात, हेही सुरुवातीलाच ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी: जिभेला चार गोष्टी शिकवाव्यात

वाइनविषयीच्या लेखनात ‘काळ्या मनुका’, ‘ओला दगड’, ‘चामडे’ असे असंख्य गंध वर्णन केलेले असतात आणि ते आपल्याला येत नाहीत म्हणून नवखा माणूस निराश होतो. गंधांची ओळख सरावाने होते; सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नये. आधी फक्त चार गोष्टींकडे लक्ष द्यावे: आंबटपणा, तुरटपणा, गोडवा आणि भरीवपणा. मराठी माणसाला पहिल्या तिन्ही चवी लहानपणापासून वेगवेगळ्या ओळखता येतात, त्यामुळे हा अभ्यास वाटतो तितका अवघड नाही.

आंबटपणा म्हणजे घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना सुटणारे पाणी. थंड प्रदेशातील द्राक्षांत तो अधिक टिकतो, कारण उष्णतेने द्राक्ष पिकत जाते तसतसे त्यातील आम्ल कमी होते आणि साखर वाढते. तुरटपणा टॅनिनमुळे येतो. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने हिरड्या जशा कोरड्या पडतात, तोच हा अनुभव. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असते. लाल वाइन सालींसकट आंबवली जाते, तर पांढऱ्या वाइनसाठी आधी रस गाळून घेतात. त्यामुळे तुरटपणा लाल वाइनमध्ये ठळकपणे जाणवतो आणि पांढरीत जवळजवळ नसतो. रंगही सालीचाच असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीन असल्याने साली लगेच बाजूला केल्यास काळ्या द्राक्षापासूनही पांढरी वाइन होते, आणि थोडे तासच साली रसात ठेवल्या तर गुलाबी, म्हणजे रोझे होते.

गोडव्याबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक फ्रेंच वाइनमध्ये साखर नगण्य असते, कारण यीस्टने ती पूर्ण खाऊन तिचा मद्यार्क केलेला असतो. पिकलेल्या फळाचा वास आला म्हणजे वाइन गोड आहे असे नव्हे. नाक दाबून घोट घेतल्यास खरा फरक लगेच कळतो. भरीवपणा म्हणजे तोंडात जाणवणारे वजन. तो मुख्यतः मद्यार्काच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि ते प्रमाण लेबलावर छापलेलेच असते. साडेअकरा-बारा टक्क्यांची वाइन हलकी लागेल आणि साडेचौदा टक्क्यांची जड लागेल, एवढा अंदाज बाटली न उघडता करता येतो.

पेला एक तृतीयांशच भरावा, हलकेच फिरवून वास घ्यावा, मग लहान घोट तोंडात क्षणभर खेळवून या चार गोष्टी मनाशी नोंदवाव्यात. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचातील एका रसायनाने ती बाटली बिघडलेली असते. तो द्राक्षाचा किंवा गावाचा दोष नव्हे, आणि अशी बाटली परत करण्यात संकोच बाळगू नये.

दुसरी पायरी: लेबल वाचावे

फ्रेंच लेबल गावाच्या नावाने का लिहिले जाते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम करण्याचा, आणि आजही फ्रान्समधील बहुतेक वेली अशा खुंटांवरच उभ्या आहेत. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना ‘डॉगरिज’ खुंटामुळे ही पद्धत चांगली परिचित आहे, जरी आपल्याकडे तिचे मुख्य कारण पाण्याचा ताण आणि क्षार हे असले तरी. किडीच्या काळात वाइनचा तुटवडा पडला आणि भेसळीला ऊत आला. साखरपाण्याची वाइन आणि परक्या मुलखाची वाइन नामांकित गावांच्या नावाने विकली जाऊ लागली. पुढे उत्पादन सावरले तेव्हा भाव कोसळले, आणि 1907 मध्ये दक्षिण फ्रान्समधील लांगदोकचे शेतकरी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले.

गावाच्या नावाला संरक्षण हवे, ही मागणी या हालअपेष्टांतून पुढे आली. रोन खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप येथे बॅरन पिएर ल र्वा यांनी 1920 च्या दशकात बागांच्या सीमा, वाण आणि किमान मद्यार्क यांचे नियम आखून घेतले आणि त्याच धर्तीवर 1935 मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला. या कायद्यात सिनेटर जोसेफ काप्यू यांचा मोठा वाटा होता. ‘आपेलासियों द’ओरिजिन कंत्रोले’, म्हणजेच एओसी, ही व्यवस्था तेव्हापासूनची. एखाद्या एओसीचे नाव लेबलावर असणे म्हणजे द्राक्ष कोणत्या जमिनीतले, कोणत्या वाणाचे, एकरी जास्तीत जास्त किती काढलेले आणि वाइन कोणत्या पद्धतीने बनवलेली, या सर्व बाबी नियमाने बांधलेल्या असणे. युरोपीय संघाच्या पद्धतीनुसार याच अर्थाने एओपी असेही लिहिले जाते.

त्याखालोखाल आयजीपी हा मोकळा वर्ग येतो. त्यात प्रदेश मोठा असतो आणि वाण निवडण्याचे स्वातंत्र्य अधिक असते. दक्षिणेतील ‘पे द’ओक’ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण असून त्या बाटल्यांवर द्राक्षाचे नाव सहसा छापलेले असते, म्हणून नवख्याला ते फार सोयीचे पडते. सर्वांत सैल वर्ग ‘व्हाँ द फ्रांस’ हा आहे. वर्ग खालचा म्हणजे वाइन वाईट, असे मात्र समजू नये. काही उत्तम उत्पादक नियमांच्या बाहेरचे वाण लावण्यासाठी मुद्दाम हा वर्ग स्वीकारतात.

वर्ष पाहावे, कारण ते द्राक्षतोडणीचे वर्ष असते. उत्पादकाचे नाव पाहावे; अनुभव वाढत जाईल तसे गावाइतकेच ते महत्त्वाचे ठरते. ‘मी आँ बुतेय ओ शातो’ असे लिहिले असेल तर वाइन बागेच्या मालकाच्या वास्तूतच बाटलीबंद झालेली आहे. ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या याची कायदेशीर व्याख्या नाही. ‘ग्राँ व्हाँ द बोर्दो’ हे शब्द कितीही सोनेरी अक्षरांत असले तरी तो कोणताही दर्जा नाही, आणि केवळ त्या शब्दांवर विसंबून जास्त पैसे देणे टाळावे.

तिसरी पायरी: पांढरी द्राक्षे

सुरुवात पांढऱ्या वाइनपासून करावी असे माझे आग्रहाचे मत आहे. तिच्यात टॅनिन आड येत नसल्याने द्राक्षांमधील फरक स्पष्ट कळतात, आणि आपल्या हवेत ती अधिक सुखदही वाटते.

पहिले द्राक्ष सोव्हिन्यों ब्लाँ. त्याचा आंबटपणा तीक्ष्ण असतो आणि वास गवताचा, लिंबाच्या सालीचा, कधी पेरूचाही येतो. लुआर नदीच्या वरच्या खोऱ्यातील सांसेर आणि समोरच्या काठावरील पुयी-फ्युमे ही त्याची प्रसिद्ध नावे. त्यांच्या किमती चढ्या असतात, त्यामुळे नवख्याने त्याच नदीवर पश्चिमेला असलेल्या तूरेनची सोव्हिन्यों घ्यावी. सांसेरची लाल वाइनही असते आणि ती पिनो न्वारची असते, हे लक्षात ठेवल्यास चुकीची बाटली हाती येत नाही.

त्याच लुआर खोऱ्यातील शेनाँ ब्लाँ हे द्राक्ष महाराष्ट्रातील वाचकांनी अवश्य अभ्यासावे, कारण नाशिक परिसरात ते मोठ्या प्रमाणावर लावले जाते आणि आपण त्याला ‘शेनिन’ म्हणतो. नाशिकला द्राक्षतोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हाळा तापत असताना होते. लुआरमध्ये ती थंडी पडू लागते तेव्हा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. त्यामुळे नाशिकची शेनिन मऊ, फळांच्या वासाची आणि बरेचदा किंचित गोड लागते, तर लुआरची धारदार आंबट, सफरचंद-मधाच्या वासाची आणि कित्येक वर्षे टिकणारी असते. व्हूव्रे हे तिचे मुख्य गाव. त्या एकाच गावात पूर्ण कोरडी, अर्धगोड, गोड आणि फेसाळ अशा सर्व प्रकारच्या वाइन होतात, म्हणून लेबलावर ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ म्हणजे अर्धगोड किंवा ‘म्वालो’ म्हणजे गोड यांपैकी कोणता शब्द आहे ते पाहूनच घ्यावी. कोरडीच हवी असेल तर साव्हनिएर हे नावही लक्षात ठेवावे.

शार्दोने हे तिसरे आणि समजायला सर्वांत विलक्षण द्राक्ष. त्याला स्वतःचा असा फार ठळक वास नाही, म्हणूनच जमीन आणि कारागिरी या दोन्हींचा ठसा त्याच्यावर स्वच्छ उमटतो. पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रदेशाच्या उत्तर टोकाला शाब्ली आहे. तेथील चुनखडीत प्राचीन समुद्रातील कालवांचे अवशेष सापडतात, हवा थंड आहे आणि एप्रिलमधील हिमकडाक्याने कोवळे कोंब करपण्याची भीती दरवर्षी असते. तेथील साधी शाब्ली सहसा स्टीलच्या टाकीत आंबवली जाते. ती सडसडीत, आंबट आणि खनिजासारखी लागते. दक्षिणेला बोन शहराजवळील मर्सोमध्ये तेच द्राक्ष ओकच्या पिंपात आंबवतात, आणि मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात. त्यातून लोण्याचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो आणि वाइन भरीव लागते. एकाच वाणाच्या या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखणे हा फ्रेंच वाइनचा सर्वांत उत्तम पहिला धडा आहे. मर्सो परवडत नसेल तर आणखी दक्षिणेकडील माकाँची, पिंपात ठेवलेली बाटली निवडावी.

रीसलिंगसाठी जर्मन सीमेवरील आल्सासकडे वळावे. व्होज पर्वतरांग पाऊस अडवत असल्याने तेथील कोलमार हे फ्रान्समधील सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. या प्रदेशात लेबलावर द्राक्षाचे नाव लिहिण्याची प्रथा आहे आणि बाटली उंच, निमुळती असते, त्यामुळे ती दुरूनही ओळखू येते. रीसलिंग आंबट आणि सुगंधी असते. त्याच भागातील गेव्युर्झट्रामिनरला लिची आणि गुलाबाचा इतका उघड वास असतो की ज्यांना वाइनमध्ये कोणताच गंध ओळखता येत नाही त्यांनाही तो ओळखता येतो.

बाकीची नावे थोडक्यात. मस्काडे ही लुआरच्या मुखाजवळील हलकी वाइन, मलों द बुर्गोन्य या द्राक्षाची. ‘स्युर ली’ लिहिलेली असेल तर ती यीस्टच्या गाळावर ठेवून मुरवलेली असते आणि कालवे-कोळंबीबरोबर फार छान लागते. रोन खोऱ्यातील काँद्रियोची व्हियोन्ये जर्दाळूच्या वासाची. नैऋत्य फ्रान्समधील बोर्दो शहराच्या दक्षिणेला सोतेर्न येथे सेमियाँ द्राक्षावर सिराँ नदीच्या धुक्यामुळे बोट्रायटिस नावाची बुरशी धरते; ती द्राक्षातील पाणी उडवून साखर आणि आम्ल दोन्ही घट्ट करते, आणि त्यातून जगातील श्रेष्ठ गोड वाइन तयार होते. आपले बागायतदार बुरशीला घाबरून फवारण्या करतात, पण या बुरशीसाठी येथे शेतकरी शरद ऋतूत वाट पाहत थांबतात आणि एकाच बागेत अनेक वेळा फिरून फक्त बुरशी धरलेले मणी वेचतात.

चौथी पायरी: काळी द्राक्षे

लाल वाइनमध्ये हलक्याकडून जडाकडे जावे. पहिले द्राक्ष गामे, त्याचा प्रदेश बोजोले. टॅनिन कमी, लाल फळांचा ताजा वास आणि माफक किंमत या तिन्ही कारणांनी नवख्याला ते सर्वांत जवळचे वाटते. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने 1395 मध्ये आपल्या मुलखातून गामे उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता, पण दक्षिणेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ते उत्तम रुजले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘बोजोले नुव्हो’ ही त्याच वर्षीची कोवळी वाइन असते; तिच्यावरून बोजोलेची परीक्षा करू नये. मोर्गों, फ्लरी, मुलाँ-आ-व्हाँ अशी दहा ठिकाणे स्वतःच्या नावाने वाइन विकतात आणि त्यांच्या बाटल्यांवर बोजोले हा शब्द अनेकदा नसतोही. कमी पैशांत उत्तम फ्रेंच लाल वाइन प्यायची असेल तर माझी पहिली शिफारस याच ठिकाणांची राहील.

पिनो न्वार हे बर्गंडीचे द्राक्ष. साल पातळ, रंग फिका, टॅनिन मऊ आणि आंबटपणा चांगला. वास चेरीचा, आणि वय वाढल्यावर ओल्या मातीचा, पाचोळ्याचा. ते उष्णतेत लवकर बिघडते आणि थंडीत पिकत नाही, त्यामुळे त्याची चांगली जमीन थोडी आणि महाग आहे. दिजाँच्या दक्षिणेपासून बोनच्या पलीकडे पसरलेल्या ‘कोत द’ओर’ या अरुंद उतारावर शतकानुशतके साधूंनी आणि शेतकऱ्यांनी जमिनीचे लहान-लहान तुकडे वेगळे ओळखले आणि त्यांना नावे दिली. या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, आणि 2015 मध्ये त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सिस्टर्शियन साधूंनी उभारलेला क्लो द व्हूजो हा सुमारे 50 हेक्टरचा एकच भिंतीआडचा मळा आज जवळपास 80 मालकांत वाटलेला आहे, कारण राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या आणि नंतरच्या वारसा कायद्याने त्यांची वाटणी होत राहिली. म्हणूनच बर्गंडीत जमिनीच्या नावाबरोबर उत्पादकाचे नाव पाहणे अपरिहार्य आहे.

बर्गंडीची उतरंड चार पातळ्यांची आहे: सर्वांत खाली संपूर्ण प्रदेशाच्या नावाची ‘बुर्गोन्य’, तिच्या वर गावाच्या नावाची, तिच्या वर ‘प्रमिए क्रू’ मळे आणि शिखरावर ‘ग्राँ क्रू’, ज्यांची संख्या कोत द’ओर आणि शाब्ली मिळून 33 आहे. येथे एक फसगत टाळावी. अनेक गावांनी आपल्या सर्वांत नामांकित मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले. जव्हरे गावाने 1847 मध्ये शाँबेर्ताँ हे नाव जोडले. त्यामुळे ‘जव्हरे-शाँबेर्ताँ’ ही गावपातळीची वाइन आहे, तर नुसती ‘शाँबेर्ताँ’ ही ग्राँ क्रू आहे आणि तिची किंमत अनेक पटींनी अधिक असते. नवख्याने चांगल्या उत्पादकाची साधी ‘बुर्गोन्य’ घ्यावी. लेबलावर अनेकदा पिनो न्वार असे वाणाचे नावही सापडते.

बोर्दोत चित्र वेगळे आहे. तेथे वाइन बहुधा मिश्रणाची असते, कारण अटलांटिकच्या दमट हवेत एखाद्या वर्षी एक वाण हुकले तर दुसरे सावरून घेते. काबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, म्हणून त्याला ऊब धरून ठेवणारी आणि पाण्याचा निचरा करणारी खडीची जमीन लागते, आणि ती जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदोकमध्ये आहे. पोयाक, मार्गो, सां-ज्युलियाँ, सांत-एस्तेफ ही तेथील गावे. मर्लो लवकर पिकते आणि थंड चिकणमातीतही भागवून घेते, त्यामुळे उजव्या तीरावरील सांत-एमिलियों आणि पोमरोल यांवर तिचे राज्य आहे. डाव्या तीराची वाइन ताठ, तुरट आणि काळ्या फळांची. उजव्या तीराची गोलसर, मऊ आणि अलुबुखाराच्या वासाची. काबर्ने सोव्हिन्यों हे काबर्ने फ्रँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मले, हे 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात झालेल्या डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. एका काळ्या आणि एका पांढऱ्या द्राक्षाची ही संतती आहे. त्यातील काबर्ने फ्रँ एकट्याने चाखायची असेल तर लुआरमधील शिनाँ घ्यावी.

रोन नदीच्या उत्तर भागात सिरा हेच एकमेव काळे द्राक्ष चालते. हर्मिताज आणि कोत-रोती ही त्याची थोर नावे, क्रोझ-हर्मिताज हे परवडणारे. आपण ज्याला शिराझ म्हणतो ते हेच द्राक्ष. नाशिकच्या शिराझमध्ये पिकलेल्या फळांचा गोडसर वास अधिक असतो, तर रोनच्या उभ्या ग्रॅनाइट उतारांवरील सिरा काळ्या मिरीच्या वासाची आणि अधिक कडक असते. दक्षिण रोनमध्ये ऊन वाढते आणि ग्रनाश पुढे येते. ती उबदार, मद्यार्काने जड आणि टॅनिनने मऊ असते. सिरा आणि मूर्वेद्र यांच्याबरोबर तिचे मिश्रण करतात. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्यों येथे राहत असत, त्यावरून नाव मिळालेल्या शातोनफ-द्यु-पापमध्ये 13 वाणांना परवानगी आहे. रोजच्या जेवणासाठी ‘कोत द्यु रोन’ पुरेशी असते. आणखी दक्षिणेला प्रोव्हान्स फिक्या गुलाबी वाइनसाठी ओळखले जाते.

पाचवी पायरी: शॅम्पेन

रँस आणि एपर्ने या शहरांभोवतालच्या प्रदेशात शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए या द्राक्षांची वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवली जाते, त्यामुळे निर्माण होणारा वायू आत अडकतो आणि बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब तयार होतो. वर्ष न छापलेली शॅम्पेन किमान 15 महिने मुरवावी लागते. खरेदीच्या वेळी गोडव्याचे शब्द पाहावेत: ‘ब्रूत’ म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘दमी-सेक’ म्हणजे 32 ते 50 ग्रॅम. ‘ब्लाँ द ब्लाँ’ फक्त पांढऱ्या द्राक्षांची असते. इतर प्रदेशांत याच पद्धतीने बनणाऱ्या वाइनला ‘क्रेमाँ’ म्हणतात, आणि आल्सास किंवा लुआरची क्रेमाँ कमी किमतीत तोच आनंद देते. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातही एक फ्रेंच शॅम्पेन घराणे अशीच वाइन बनवते, मात्र कायद्यानुसार तिला शॅम्पेन म्हणता येत नाही.

सहावी पायरी: ‘ग्राँ क्रू’ या शब्दांनी गोंधळू नये

हे दोन शब्द प्रत्येक प्रदेशात वेगळ्या गोष्टीला लावले जातात. बर्गंडीत, आणि जेथे असे 51 मळे आहेत त्या आल्सासमध्ये, तो दर्जा जमिनीचा असतो. शॅम्पेनमध्ये तो 17 गावांना आहे. मेदोकमध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या बागांच्या वास्तूंची, पाच श्रेणींत यादी केली. तिच्यात त्यानंतरचा सर्वांत मोठा बदल म्हणजे 1973 मध्ये शातो मुतों रोथशिल्डला मिळालेली पहिली श्रेणी. सांत-एमिलियोंत मात्र ‘सांत-एमिलियों ग्राँ क्रू’ ही स्वतंत्र एओसी असून तिच्यात कितीतरी बाटल्या बसतात, म्हणून तेथे नुसत्या त्या शब्दांना विशेष वजन देऊ नये.

सातवी पायरी: खरेदी, थंडावा आणि ताट

भारतात आयात शुल्क आणि राज्याचे कर मिळून फ्रेंच बाटली तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट महाग पडते. लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा अभ्यास बराच स्वस्तात करता येईल. येथे असणाऱ्यांनी चार-सहा जणांनी मिळून दोन बाटल्या घ्याव्यात आणि शेजारी ठेवून चाखाव्यात. फक्त एक बाटली चाखून फारसे शिकता येत नाही, कारण फरक तुलनेतूनच कळतो. नाशिकची सोव्हिन्यों आणि तूरेनची सोव्हिन्यों, शाब्ली आणि माकाँ, मोर्गों आणि कोत द्यु रोन, मेदोक आणि सांत-एमिलियों, नाशिकची शिराझ आणि क्रोझ-हर्मिताज, या क्रमाने जोड्या घेतल्यास बहुतेक मुख्य द्राक्षे डोळ्यांखालून जातात. दुकानात विचारताना मर्लो (Merlot) आणि पिनो (Pinot) या नावांतील शेवटचा ‘t’ उच्चारू नये, एवढे पथ्य पाळले तरी विक्रेत्याशी बोलणे सुकर होते.

लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड दगडी घरांसाठी आहे. आपल्याकडे 30 अंशांच्या खोलीत लाल वाइनचा मद्यार्क नाकाला झोंबतो आणि बाकी सर्व झाकले जाते. भरीव लाल वाइन 15 ते 18 अंशांवर आणावी. त्यासाठी ती अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. बोजोलेसारखी हलकी लाल वाइन 12-14 अंशांवर अधिक खुलते. पांढरी 8 ते 12 अंशांवर द्यावी, पण बर्फासारखी गार करू नये, नाहीतर वास मरतो. न उघडलेली बाटली आडवी, अंधारात आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी. एखादा कडक उन्हाळा तिला पुरेसा मारक ठरतो, त्यामुळे थंड साठवणीची सोय नसेल तर बाटल्यांचा संचय करू नये.

जेवणाबरोबर निवड करताना तिखटाचा विचार आधी करावा. मिरचीचा जळजळाट टॅनिनने आणि जास्त मद्यार्काने वाढतो, म्हणून कोल्हापुरी रश्शाबरोबर मेदोक किंवा शातोनफ घेतल्यास दोन्ही बिघडतात. तेथे अर्धगोड व्हूव्रे किंवा किंचित गोड गेव्युर्झट्रामिनर चांगली. तळलेल्या बोंबलाबरोबर मस्काडे किंवा शाब्ली. कोकमाची आमटी असेल तर सांसेरसारखी आंबट वाइनच टिकते, कारण पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन फिकी लागते. गोडाचेही तसेच आहे: पक्वान्नापेक्षा वाइन अधिक गोड असावी लागते, आणि पुरणपोळीपुढे सोतेर्नखेरीज फारसे काही उभे राहत नाही. सुक्या मटणाबरोबर, तिखट बेताचे असेल तर, रोनची सिरा घ्यावी.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास पांढरी तीनेक दिवस आणि लाल साधारण तितकेच दिवस बरी राहते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चाखून पाहावी आणि गाव, उत्पादक, वर्ष व त्या चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. व्हूव्रे आणि मोर्गोंसारख्या काही वाइन दुसऱ्या दिवशीच अधिक मोकळ्या होतात.